वीणेचा पहारा

सत्तरी ओलांडून काही वर्षं झाली. गुडघे उभं राहू देत नाहीत आणि घसा वरच्या पट्टीत जात नाही, म्हणून नारदाच्या गादीवरून खाली उतरलो. उतरल्यावर एक गोष्ट कळली. गादीवर उभं राहून आपण लोकांना जी उत्तरं दिली, त्यांतली काही म्हातारपणी आपल्यालाच परत तपासावी लागतात. असंच एक उत्तर आज वाचक माउलींपुढे ठेवतो. ते चुकलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

२०१७ सालचा कार्तिक महिना. त्या हंगामात आमच्या नेर भागात, साऱ्या यवतमाळ जिल्ह्यातच, कपाशी डोक्याला लागेल एवढी वाढली होती. फवारणी करणाऱ्याच्या नाकातोंडात औषध जायचं. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर त्या विषानं दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. मी त्या दिवशी देहाच्या क्षणभंगुरतेवर निरूपण केलं. बोलता बोलता म्हणालो, "श्वास मोजून दिलेले आहेत माउली, एक अधिक नाही, एक उणा नाही. वैद्य काय करणार?" माना डोलल्या, टाळ वाजले.

प्रसादाच्या वेळी एक बाई पाया पडली आणि तिथंच बसून राहिली. म्हणाली, "महाराज, एक इचारू का? माह्या घरधन्याले फवारणीत इषबाधा झाली होती. नऊ दिवस मशिनीवर होता. मशीनच त्याच्यासाठी श्वास घे. आता घरी हाये, वावरात जाते. श्वास मोजून देल्ले होते, तर हे नऊ दिवसाचे कोनाचे?"

मी ठरलेलं उत्तर दिलं, "बाई, तेवढे त्याच्या प्रारब्धात होते, म्हणून यंत्र मिळालं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग ज्याच्या गावाले मशीनच नाही, त्याच्या प्रारब्धातच श्वास कमी हायेत का?"

मी प्रसादाचा द्रोण तिच्या हातात दिला आणि दुसऱ्या माणसाकडे वळलो. चार तपं कीर्तन केलेला माणूस एका शेतमजूर बाईपुढे असा निसटला.

घरी आल्यावर मात्र झोप लागेना. मीच शेकडो वेळा रंगवून सांगितलेली लक्ष्मण-शक्तीची कथा डोळ्यांपुढे आली. लक्ष्मण रणात निपचित पडला, तेव्हा प्रभू रामचंद्र काय म्हणाले? श्वास संपले असतील, असं म्हणून ते बसून राहिले नाहीत. वैद्य सुषेणाला विचारलं, मारुतीरायाला रातोरात डोंगराकडे धाडलं. ज्याच्या हाती साऱ्या विश्वाचं प्रारब्ध, त्यानंही भावासाठी वैद्याचं ऐकलं. मग प्रारब्धाचं नाव सांगून हात झटकायचा अधिकार मला कुणी दिला?

पुढे या यंत्रांची माहिती मी जाणत्या डॉक्टर मंडळींकडून हौसेनं करून घेतली. फवारणीच्या विषात श्वास घेणारे स्नायू लुळे पडतात. औषधानं विषाचा जोर उतरेपर्यंत व्हेंटिलेटर बाहेरून हवा आत लोटतो. पण त्यासाठी फुप्फुस धड असावं लागतं. फुप्फुसच निकामी झालं किंवा हृदयच थकलं, तर त्याच्या पुढचं यंत्र आहे, त्याला एक्मो म्हणतात. मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून काळसर रक्त बाहेर घ्यायचं. पंपानं ते एका बारीक पडद्याच्या पेटीतून न्यायचं. तिथं त्याला प्राणवायू मिळतो, दूषित वायू निघून जातो, आणि लाल झालेलं, कोमट रक्त पुन्हा शरीरात सोडलं जातं. फुप्फुसाचं काम देहाबाहेर होतं, गरज पडली तर हृदयाचंही. रक्त नळीत गोठू नये म्हणून ते पातळ ठेवावं लागतं. त्यामुळे एकीकडे गुठळीची भीती, दुसरीकडे रक्तस्रावाची. म्हणून त्या खाटेजवळून क्षणभरही हलता येत नाही. एवढं करूनही या यंत्रावर गेलेल्या मोठ्या माणसांपैकी जवळपास निम्मेच घरी परततात.

या साऱ्याचं मूळही एका रात्रीच्या जागरणात आहे. १९३०-३१ च्या सुमारास अमेरिकेतल्या बोस्टन शहरात गिबन नावाचे तरुण डॉक्टर एका बाईच्या उशाशी रात्रभर बसून होते. तिच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती काळीनिळी पडत गेली आणि गेली. हिचं रक्त थोडा वेळ बाहेर नेऊन शुद्ध करून परत देता आलं असतं तर, हा विचार त्यांना सोडीना. पुढची वीसहून अधिक वर्षं ते त्यामागे लागले. त्यांची पत्नी मेरी प्रयोगशाळेत बरोबर राबली. ६ मे १९५३ रोजी त्यांच्या यंत्रानं अठरा वर्षांच्या एका मुलीचं हृदय-फुप्फुसाचं काम सव्वीस मिनिटं केलं. तेवढ्या वेळात हृदयातलं छिद्र शिवलं गेलं आणि मुलगी वाचली. त्यानंतरचे रुग्ण मात्र वाचले नाहीत, तेव्हा गिबन यांनी स्वतःच हात आवरला. वीस वर्षांच्या तपाचं फळ हाती असताना थांबणं सोपं नसतं. पुढे इतरांनी त्या कामात सुधारणा केल्या. १९७५ साली डॉ. बार्टलेट यांनी एका नवजात बाळाला अशा यंत्रावर काही दिवस ठेवून वाचवलं. गरीब आई बाळाला दवाखान्यात सोडून निघून गेली होती. परिचारिकांनी त्या मुलीचं नाव ठेवलं एस्पेरान्झा. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ आशा.

आपल्या महाराष्ट्रातही हा ध्यास होता. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर १९६७ मध्ये जगातलं पहिलं मानवी हृदयारोपण झालं आणि अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते धाडस केलं. रुग्ण काही तासांतच गेला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयत्नातला रुग्णही दिवसभर जगला नाही. सेन थांबले. तेव्हा मेंदू मृत झाला म्हणजे माणूस गेला, असं मानणारा कायदा आपल्याकडे नव्हता. तो १९९४ साली आला, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून देशातलं पहिलं यशस्वी हृदयारोपण झालं. मुंबईला मात्र आणखी एकवीस वर्षं वाट पाहावी लागली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून विमानानं आलेलं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणाच्या छातीत बसवलं. रस्ते मोकळे करून ते हृदय नेलं, हे पुष्कळांनी तेव्हा वर्तमानपत्रात वाचलं असेल.

सेन यांना कुणी घाई केली म्हणेल, कुणी द्रष्टे म्हणेल. मला त्यांच्या गोष्टीतून वेगळंच दिसतं. हात कुशल होते, यंत्रही होतं. पण मृत्यू कशाला म्हणायचं, हे समाजाचं ठरलेलं नव्हतं. म्हणजे अशा विभागाच्या प्रमुखाला नळ्या आणि पंप कळून भागत नाही. कुणाला यंत्र लावायचं, कुणाला नाही, आणि लावलं तर कुठवर, हा धर्माचा प्रश्न त्याच्या दाराशी रोज येऊन उभा राहतो. आम्ही वर्षातून एखाद्या कीर्तनात मरणावर बोलतो आणि दक्षिणा घेऊन घरी जातो. त्याला दुपारी बोलावं लागतं आणि संध्याकाळी पुन्हा.

आता घरचं सांगतो.

२०२३ च्या पावसाळ्यात माझा पुतण्या, सेहेचाळीस वर्षांचा, सकाळी अंगणातच कोसळला. मी ओट्यावर पोथी वाचत होतो. पाच-सात माणसं धावली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी गाडी आणायला पळालं. मी हात जोडून मोठ्यानं नाम घेत होतो. जवळजवळ दहा मिनिटं अशीच गेली. मग गाडीबरोबर आलेल्या एका जाणत्या पोरानं त्याला सपाट निजवून छाती दाबायला सुरुवात केली.

यवतमाळ, तिथून पुढे मोठ्या शहरातलं रुग्णालय. हृदय अगदीच क्षीण झालं होतं, म्हणून एक्मो लावला. त्या विभागाच्या प्रमुख एक डॉक्टर बाई होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी आम्हाला एका लहान खोलीत बसवलं. पहिलाच प्रश्न विचारला, "ते माणूस म्हणून कसे होते, सांगाल?" आम्ही सांगितलं. हसरा, पखवाज वाजवायचा, एकादशी चुकवायचा नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे यंत्र आजार बरा करत नाही. ते वेळ देतं. त्या वेळात शरीर स्वतः सावरेल, या आशेवर आम्ही ते लावतो. त्यांचं हृदय थोडं सावरलं आहे. पण सुरुवातीला मेंदूला रक्त मिळालं नाही, ती हानी भरून येणारी नाही. यंत्र मी अजून चालवू शकते. कशासाठी चालवायचं, याचं उत्तर मला सापडत नाही."

घरात मी वडील. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "प्रयत्न चालू ठेवा. पांडुरंग करील."

माउली, ही श्रद्धा नव्हती, हे त्या क्षणीही मला ठाऊक होतं. ती भीती होती. चुलत्यानं यंत्र काढायला लावलं, असं गाव म्हणेल, ही भीती. आणि त्याहून खोल दुसरी एक : अंगणात दहा मिनिटं मी काही केलं नाही, तेव्हा आता तरी काही करतोय असं दिसावं. देवाचं नाव मी स्वतःला झाकायला वापरलं.

आणखी दोन दिवस गेले. त्याची बोटं काळी पडू लागली, नाकातून रक्त येत राहिलं. घरात दोन एकर वावर विकायची भाषा सुरू झाली. शेवटी त्याची बायको, आमची सूनबाई, पदर सावरून पुढे आली. "मामाजी, पखवाज वाजवणारी बोटं हायेत ते. आता त्यायले सोडा." मी मान खाली घातली. निर्णय तिनं घेतला.

कायद्यानं सांगितलेल्या डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासून कागद केले. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी हा मार्ग मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी तो सोपा केला. मग त्या डॉक्टर बाईंनी भेटीचे नियम बाजूला ठेवून घरच्या सगळ्यांना आत घेतलं. गळ्यात तुळशीची माळ, मुखात चंद्रभागेचं पाणी लावू दिलं. आम्ही हळू आवाजात हरिपाठ म्हटला. हरिपाठ होईपर्यंत त्या खाटेशी उभ्या होत्या. झाल्यावर स्वतःच्या हातानं पंपाचा वेग कमी करत नेला. नंतर बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "यंत्र लावताना मी नसले तरी चालतं, माझी माणसं तयार आहेत. काढताना मात्र मी असतेच."

हे वाक्य घेऊन मी परत आलो आणि सप्ताहात बसल्यावर ते उमगलं.

आपल्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, रात्रंदिवस, ती कुणाच्या तरी गळ्यात असतेच. पहाऱ्याची पाळी ठरलेली असते. पहाटे दोनच्या पहाऱ्याला सुद्धा माणूस येतो, पहिल्याच्या गळ्यातली वीणा स्वतःच्या गळ्यात घेतो आणि नाम खंडत नाही. त्या रुग्णालयात मी हेच पाहिलं होतं. पंप सांभाळणारा तंत्रज्ञ, परिचारिका, डॉक्टर आठ-बारा तासांनी बदलत होते, एकमेकांच्या हाती एक जीव सोपवत होते. नाव घेणारे नसतील ते, पण पहारा आमच्यापेक्षा कसोशीचा होता.

पण एक फरक आहे. सप्ताहाला काला असतो. आठव्या दिवशी दहीहंडी फुटते, वीणा सन्मानानं उतरते, आणि पहारा मोडला असं कुणी म्हणत नाही. सप्ताह पूर्ण झाला, असं म्हणतात. आमचा काला पंचांगानं ठरतो. तिथं काला कधी, हे सांगणारं पंचांग नाही. ते त्या प्रमुखाला, रुग्णाच्या माणसांबरोबर बसून, दर वेळी नव्यानं शोधावं लागतं. लवकर ठेवली तर जगू शकणाऱ्याचा घात, उशिरा ठेवली तर जाणाऱ्याचे हाल. अशा कामाचं प्रमुखपण म्हणजे अधिकाराची खुर्ची असेल असं मला वाटायचं. ते सर्वांत अवघड वेळचा पहारा स्वतःच्या गळ्यात घेणं आहे.

भगवंतांनी अर्जुनाला निमित्तमात्र व्हायला सांगितलं. या शब्दाचा आम्ही सोयीचा अर्थ लावला : करणारा तो आहे, मग आपण बसावं. पण अर्जुनाला त्यांनी बसू दिलं नाही, धनुष्य उचलायला लावलं. सोडायला सांगितला तो मालकीचा भाव. हे दोन्ही टोकांना लागू आहे. 'मी वाचवतो' हा डॉक्टरचा अहंकार, तसा 'मी जाऊ देणार नाही' हा घरच्यांचा. आणि 'जे व्हायचं ते होईल' म्हणून हात न हलवणं हाही अहंकारच, फक्त त्यानं वैराग्याची कफनी घातलेली असते. ती कफनी मी अंगणात घातली होती.

पितामह भीष्म शरपंजरी अठ्ठावन्न रात्री प्राण धरून राहिले. उत्तरायणाची वाट होती आणि धर्मराजाला राजधर्म सांगायचा होता. त्या वेळेला काम होतं. काम झालं, उत्तरायण लागलं, त्यांनी प्राण सोडला. आमच्या ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये, ऐन तारुण्यात, आळंदीला समाधी घेतली, तेव्हा नामदेवराय किती रडले हे समाधीच्या अभंगांतून सर्वांना ठाऊक आहे. जाणाऱ्याचं जाणं खरं आणि राहणाऱ्याचं रडणंही खरं. नामदेवरायांच्या रडण्यानं त्यांची भक्ती उणी झाली नाही. म्हणून सूनबाईनं 'सोडा' म्हटलं आणि मग हंबरडा फोडला, यात मला विसंगती दिसत नाही.

कार्तिकातल्या त्या बाईला आज मी काय सांगेन? सांगेन, बाई, मोजून दिलेले श्वास हे माझं बोलणं अर्धवट होतं. मोजणारा तो आहे, पण त्यानं आपले श्वास एकमेकांच्या हातीही ठेवलेत. तुझ्या घरधन्याचे नऊ दिवस त्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या पहाऱ्याचे होते. आणि ज्या गावाला यंत्र नाही, तिथं प्रारब्ध कमी नाही, आपली वर्गणी कमी पडली आहे. मंदिराच्या कळसाला जशी जमते, तशी ती तिथंही जमायला हवी.

दोन गोष्टी मी केल्या, त्या सांगून थांबतो. पहिली, कागद. माझं भान जाऊन परत येण्याची आशा नसेल तेव्हा मला यंत्रावर धरून ठेवू नये, आशा असेल तर जरूर लावावं, असं दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरीपुढे सही केली. सूनबाईला वाचून दाखवलं. माझा काला कधी, हे ठरवायचं ओझं तिच्यावर एकटीवर पडू नये.

दुसरी गोष्ट आमच्या सप्ताहात. आता चौथ्या दिवशी दुपारी एक तास आम्ही जाणत्या माणसाकडून छाती दाबायला शिकतो. माणूस कोसळला, हाका मारून हलत नाही, श्वास धड नाही, तर १०८ ला फोन लावायचा, त्याला कठीण जमिनीवर उताणा निजवायचा, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबत राहायचं. दमलो तर दुसऱ्यानं पुढे यायचं. रक्त थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते, मोठ्या शहरातलं यंत्र त्यानंतर कितीही चांगलं असलं तरी ती परत भरत नाही. आमच्या टाळकऱ्यांना ती लय लगेच साधते. पोरं टाळ बाजूला ठेवतात, पुतळ्याच्या छातीवर हात ठेवतात, आणि मोजायला आकडे नकोत म्हणून नाम घेतात.

मी ओट्यावर बसून पाहतो. नाम मीही घेतलं होतं त्या सकाळी. हात तेवढे जोडलेले होते.

राम कृष्ण हरी.